एक चौरस मीटर भिंत: भाड्याच्या घरासाठी छोटा प्रोजेक्टर निवडताना

घर पुण्यात, कोथरूडला, भाड्याचं. वन बीएचके, हॉल दहा बाय बारा. राहणारे तिघं: माझा जुना मित्र, त्याची बायको आणि पाच वर्षांची मुलगी. करार अकरा महिन्यांचा, त्यामुळे बाडबिस्तरा वर्षा-दोन वर्षांनी हलतोच. शेवटच्या हलवाहलवीत टीव्हीचा पडदा टेम्पोत तडकला आणि नवा घ्यायचा राहून गेला. नव्या घरमालकांची अट: भिंतीला ड्रिल लावायचं नाही. स्टँडवरही टीव्ही राहतो, हे मी सांगून पाहिलं. पण स्टँड मावेल अशा एकुलत्या एक भिंतीशी मुलीचं टेबल आणि शिलाई मशीन होतं आणि तो विषय वहिनींच्या लेखी बंद होता. टेबलाच्या वरची भिंत मात्र छतापर्यंत कोरी. म्हणून मित्राच्या डोक्यात छोटा प्रोजेक्टर शिरला. मी हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो, माझ्याकडे लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, असतो, एवढ्या भांडवलावर मला सल्लागार नेमण्यात आलं.

मागण्या साध्या होत्या. रात्री जेवणं झाल्यावर तासभर काहीतरी बघणं, शनिवारी सिनेमा. आयपीएल असेल तेव्हा संध्याकाळी साडेसातची मॅच. मुलीला गोष्टी आणि चित्रकलेचे व्हिडिओ. गणपतीत सावंतवाडीजवळच्या गावी गेल्यावर सगळ्या चुलत-मावस पोरांना एक सिनेमा. बजेट पंचवीस हजार, ओढूनताणून तीस. आणि वहिनींचा एक प्रश्न, ज्याच्याभोवती पुढचं सगळं फिरलं: "रात्री काय, दिसेलच. कसोटी सकाळी साडेनऊला सुरू होते. खिडकी उघडी ठेवून दिसेल का?"

खोक्यावरचे लुमेन

प्रोजेक्टर एकूण किती प्रकाश देतो ते लुमेनमध्ये सांगतात; एक चौरस मीटरवर एक लुमेन पडला की तो एक लक्स. बाजारात सात हजारांच्या प्रोजेक्टरवर ‘९००० लुमेन’ लिहिलेलं असतं आणि पन्नास हजारांच्यावर ‘२०० आन्सी लुमेन’. पहिल्यांदा बघणाऱ्याला दुसरा दुकानदार लुटतोय असंच वाटेल. खरी गोष्ट अशी की पहिल्या आकड्याला मोजण्याची काही पद्धतच नाही. काही कंपन्या आतल्या दिव्यातून निघणारा प्रकाश लिहितात, काही ‘एलईडी लुमेन’ म्हणून फुगवलेला आकडा देतात, काही सरळ मनाला येईल ते छापतात. आन्सी म्हणजे अमेरिकेची मानकसंस्था; आन्सी लुमेनला पद्धत आहे, तिच्या १९९२ सालच्या मानकातून आलेली: पडद्यावरच्या पांढऱ्या चित्राचे तीन बाय तीन असे नऊ भाग करायचे, प्रत्येकाच्या मध्यावर लक्स मोजायचे, सरासरी काढायची आणि चित्राच्या चौरस मीटरमधल्या क्षेत्रफळाने गुणायचं. आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानकही याच वाटेने जातं. म्हणजे भिंतीवर पोचलेलाच प्रकाश मोजला जातो, आणि भिंत बघणाऱ्याला तेवढ्याशीच मतलब असतो.

ही पद्धत घरी वापरायला फार सोपी आहे, कारण एक योगायोग मदतीला येतो. सोळा-नऊ प्रमाणातलं ६० इंची चित्र १३३ सेंटिमीटर रुंद आणि ७५ सेंटिमीटर उंच असतं, क्षेत्रफळ जवळजवळ नेमकं एक चौरस मीटर. म्हणजे ६० इंची चित्रावर नऊ ठिकाणचे सरासरी लक्स हेच त्या प्रोजेक्टरचे लुमेन, गुणाकाराची कटकट नाही. लक्समीटर हजार-दीड हजाराला मिळतो. फोनवरच्या ॲपचा आकडा खरा नसतो, पण दोन प्रोजेक्टरांची तुलना करण्यापुरता तोही चालतो. खोलीतला मूळ उजेड आधी मोजून वजा करायला मात्र विसरू नये.

याच हिशोबातून दुसरी उपयोगी गोष्ट निघते. सिनेमागृहातल्या पडद्याच्या उजळपणाचं मानक ४८ कँडेला प्रति चौरस मीटर. पांढऱ्या, बिनचकाकीच्या पृष्ठभागावर तेवढा उजळपणा यायला साधारण १५० लक्स पडावे लागतात. अंधाऱ्या खोलीत ६० इंचांसाठी म्हणजे १५० लुमेन पुरे. तेच १०० इंचांवर गेलात तर क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर होतं आणि चारशेच्या वर लुमेन लागतात. जाहिरातीतलं ‘घरात १०० इंची थिएटर’ आणि छोट्या प्रोजेक्टरचे २०० लुमेन या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. मित्राला मी इतकंच विचारलं, ‘तुला भिंत किती हवी आहे?’ त्याचं उत्तर अर्थातच ‘सगळी’ असं होतं.

तीन उमेदवार

पहिला शेजाऱ्यांचा, साडेसहा हजारांचा, गोल मान फिरवता येणारा. दुसरा मित्राच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याचा, कोल्ड्रिंकच्या कॅनएवढा, आत बॅटरी असलेला. या आकाराची लाट २०१७ मध्ये अँकरच्या नेब्युला कॅप्सूलने आणली; तेव्हा त्यात ४८० पी, म्हणजे ४८० ओळींचं, चित्र आणि १०० आन्सी लुमेन होते. हा उमेदवार त्याच जातीचा पण नंतरच्या पिढीचा: १०८० पी, २०० आन्सी. किंमत बजेटच्या दुप्पट, पण निदान कळावं तरी काय मिळतं. तिसरा ओळखीच्या दुकानदाराने शनिवार-रविवार घरी बघायला दिला. विटेपेक्षा थोडा मोठा, बॅटरी नाही, टाइप-सीच्या ६५ वॉट चार्जरवर चालणारा, १०८० पी, खोक्यावर ४०० आन्सी. जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यावर तो तीस हजारांच्या आत बसत होता.

पहिल्याने निराश केलं, पण ज्या कारणासाठी करेल असं वाटलं होतं त्यासाठी नाही. ‘९०००’चे भिंतीवर सरासरी ८५च्या आसपास भरले, तेवढं अपेक्षितच होतं. अंधारात, चाळीस-पंचेचाळीस इंचांवर, मुलीचं कार्टून अगदी छान दिसत होतं. गडबड अक्षरांत होती. अशा स्वस्त यंत्रांत चित्र तयार करणारी एलसीडीची एकच काच असते. खोक्यावर ‘४के सपोर्ट’ लिहिलेलं असलं तरी काच १२८० बाय ७२०ची, भिंग प्लास्टिकचं, त्यामुळे मध्यभागी फोकस लावला की कोपरे विरघळतात. यासाठी माझी एक चाचणी आहे आणि ती मराठी वाचणाऱ्यांनी जरूर करावी: एखादं मराठी पीडीएफ पान पूर्ण रुंदीला लावायचं आणि कोपऱ्यातली ओळ दिवाणावर बसून वाचायची. इंग्रजी अक्षर थोडं धूसर झालं तरी ओळखू येतं. रफार, अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी मात्र लगेच गळपटतात. पहिल्या उमेदवाराच्या डाव्या कोपऱ्यात ‘सर्व’ आणि ‘सव’ सारखेच दिसत होते.

शिवाय यातली ऑपरेटिंग सिस्टिम. अशा यंत्रांवर बऱ्याचदा टीव्हीसाठीचं नव्हे, फोनचंच जुनं अँड्रॉइड असतं, अपडेट कधी येत नाहीत. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ नावाच्या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला, त्यात टीव्ही बॉक्सच्या जोडीने डिजिटल प्रोजेक्टरचंही नाव होतं: कारखान्यातूनच किंवा पहिल्या सेटअपच्या वेळी डाऊनलोड होणाऱ्या ॲपमधून मालवेअर शिरलेली अनामिक उपकरणं. शेजाऱ्यांच्या यंत्रात तसं काही होतं असं मी म्हणत नाही. पण ज्या गूगल खात्याला बँकेचे मेल येतात ते खातं अशा डब्यात टाकू नये. मी तरी वेगळं खातं काढेन आणि राउटरवर गेस्ट वायफाय देईन.

दुसरा उमेदवार मनात भरणारा. लहान, देखणा, आवाज भरदार. आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची डीएलपी चिप, म्हणजे नखाएवढ्या जागेत हलणारे लाखो सूक्ष्म आरसे; लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये शोधलेलं तंत्र. काळा रंग पहिल्यापेक्षा खूप काळा, कोपरे नीट. चार्जरवर लावून १८५च्या आसपास लुमेन मिळाले, म्हणजे कंपनी खोटं बोलत नव्हती. चार्जर काढला आणि बॅटरीवर गेलं की यंत्र स्वतःच प्रकाश उतरवतं; आकडा शंभराच्या घरात आला. हे पुस्तिकेत असतं, जाहिरातीत नसतं. मोजायचं तर दोन्हीकडे मोजायला हवं.

इथे वहिनींना एक गोष्ट दिसली जी मला किंवा मित्राला दिसत नव्हती. श्रेयनामावली सुरू झाली आणि त्या म्हणाल्या, "अक्षरांच्या कडेला लाल-निळं काय चमकतंय?" एका चिपचं डीएलपी लाल, हिरवा, निळा हे रंग एकामागून एक वेगाने दाखवतं आणि डोळा ते एकत्र करतो. काहींचा डोळा, विशेषतः नजर झटकन हलली की, ते सुटे सुटे पकडतो. ज्यांना दिसतं त्यांना दिसतंच, आणि तासाभराने डोकं चढतं. काळ्यावर पांढरी सबटायटल लावून नजर इकडून तिकडे फिरवली की कळतं. घरातल्या प्रत्येकाने हे करून बघावं, कारण एकाचा डोळा दुसऱ्याच्या कामी येत नाही. मित्र मुकाट्याने खाली बसला. त्याने मनात हप्त्यांचा हिशोब सुरू केला होता.

तिसरा बंद एलसीडी इंजिनचा. प्रकाशाचा मार्ग सीलबंद, धूळ आत जात नाही. कोथरूडमध्ये चारी बाजूंना इमारती उभ्या राहत असताना ही गोष्ट महत्त्वाची आहे. उघड्या इंजिनच्या यंत्रांत वर्षभरात काळ्या दृश्यांवर राखाडी ठिपके दिसू लागतात आणि ते काढायला यंत्र खोलावं लागतं. याचे सर्वांत उजळ मोडमध्ये ३३० लुमेन भरले, पण त्या मोडमध्ये सगळ्यांचे चेहरे हिरवट. सिनेमा मोडमध्ये चेहरे माणसांत आले आणि लुमेन २२०वर. खोक्यावरचे ४०० कुठेच नव्हते, तरी ‘९०००’च्या तुलनेत ही लबाडी सज्जनपणाची म्हणायची. अक्षरांची परीक्षा पास. लाल-निळं काही नाही, कारण तिन्ही रंग एकाच वेळी पडतात.

खिडकी उघडी

आता वहिनींचा प्रश्न. रविवारी अकराच्या सुमाराला पडदे उघडे ठेवून, प्रोजेक्टर बंद असताना, त्या भिंतीवर २४० लक्स होते. प्रोजेक्टर उजेडाची भर घालतो, अंधार टाकू शकत नाही. चित्रातला काळा म्हणजे नुसती भिंत, २४०. चित्रातला पांढरा म्हणजे २४० अधिक ३३०, म्हणजे ५७०. फरक जेमतेम अडीचपट. क्रिकेटच्या प्रसारणात खेळाडू दिसत होते, हिरवळ दिसत होती, धावफलक कष्टाने वाचता येत होता, चेंडू फक्त समालोचकाच्या सांगण्यावरून. जाड पडदे ओढल्यावर भिंत ६० लक्सवर आली आणि फरक साडेसहापट झाला; मॅच ‘बघता’ येईल एवढं. ट्यूबलाइट लावून ९० लक्स, त्यात साडेचारपट. रात्री सगळे दिवे बंद, पाठीमागे एक छोटा टेबललॅम्प: भिंतीवर चार लक्स, फरक ऐंशीपट, आणि मुलगी टाळ्या वाजवते.

मित्राने तोडगा काढला: दिवसा प्रोजेक्टर पुढे सरकवायचा, ४० इंच करायचे. हिशोब बरोबर आहे. क्षेत्रफळ ०.४४ चौरस मीटर, त्यावर साडेसातशे लक्स, खिडकी उघडी असूनही चारपट फरक. पण मग तीस हजार खर्चून ४० इंची फिकट टीव्हीच मिळवला, असं वहिनींनी सुनावलं, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार-पाच हजार लुमेनचे प्रोजेक्टर दिवसा चालतात, ते शाळा-ऑफिसांत छताला टांगलेले असतात; खिशात किंवा पिशवीत मावणाऱ्या यंत्राकडून ती अपेक्षाच करू नये.

जागेचा गुंता त्याहून मजेशीर. या यंत्राला चित्राच्या रुंदीच्या १.२ पट अंतर लागतं. ६० इंचांसाठी १.६ मीटर, म्हणजे सव्वापाच फूट. दहा फुटी खोलीत ते बरोबर मध्ये येतं, जिथून मुलगी पाण्याला जाते आणि हनुवटीची सावली पडद्यावर नाचवते. दिवाणाच्या मागून, तीन मीटरवरून मारलं तर चित्र ११३ इंचांचं होतं, साडेतीन चौरस मीटर, फक्त ९४ लक्स. मग मेनूमधला झूम वापरून ते ६० इंचांचं करावं, असं सगळ्यांना सुचतं. तो झूम डिजिटल असतो. प्रकाश एकवटत नाही, कडेचे पिक्सेल काळे केले जातात. उरतात जेमतेम २८ टक्के. भिंतीवर तेच ९४ लक्स, आणि १९२० पिक्सेल रुंदीचं चित्र हजारभर पिक्सेलवर येतं. टीपॉयवरून वर तोंड करून मारलं की चित्र वर रुंद, खाली अरुंद होतं. ते आपोआप चौकोनी करणारी ‘ऑटो कीस्टोन’ची सोयही असेच पिक्सेल खाते, आणि कापलेल्या भागाची राखाडी चौकट अंधारात दिसत राहते. मित्राकडे कॅमेऱ्याचा ट्रायपॉड होता, पाव इंची स्क्रूचा. बहुतेक छोट्या प्रोजेक्टरांना तो बसतो. चित्राच्या मध्याच्या उंचीवर, टीपॉयपाशी उभा केला आणि कीस्टोन जवळजवळ बंद केलं. आपोआप होणाऱ्या गोष्टींपेक्षा ट्रायपॉड बरा, हे माझं ठाम मत आहे.

छतावर चित्र टाकून बिछान्यात पडून बघायचं, हे जाहिरातीतलं दृश्य आपल्याकडे होत नाही. छताच्या बरोबर मध्यावर पंखा असतो.

भिंतीचा रंग क्रीम. त्यामुळे पांढरा पिवळट येतो. मेनूमध्ये रंगाचा निळसरपणा वाढवून बराचसा जातो, पण थोडा प्रकाश खातोच. ऑनलाइन मिळणारे घडीचे पडदे घड्यांच्या रेषांसकट मिळतात. आम्ही फ्लेक्सवाल्याकडून कोरा, न छापलेला, मागून राखाडी असलेला फ्लेक्स चौरस फुटाच्या भावाने आणला. चकचकीत बाजूने मध्ये उजेडाचा डाग पडतो, मॅट बाजू घ्यायची. नळीवर गुंडाळून ठेवला की रेषा पडत नाहीत. वर-खाली पडद्याची काठी, खिळा एकही नाही.

गावातला सिनेमा

गावच्या पडवीत वीज किती वेळ टिकेल याचा नेम नाही, म्हणून मित्राचा ओढा बॅटरीवाल्याकडे. कंपन्या अडीच तास सांगतात, तेही उतरलेल्या प्रकाशात. आपला सिनेमा अडीच-पावणेतीन तासांचा. बॅटरी नवी असतानाच शेवट गाठताना दमछाक, दोन वर्षांनी मध्यंतर. आणि आतली बॅटरी मेली की यंत्र कंपनीकडे. त्यापेक्षा वेगळी पॉवर बँक घेतलेली बरी, असं मी सुचवलं. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टने ७४ वॉट-तास. हानी धरून साठेक हातात येतात. तिसरा उमेदवार सिनेमा मोडमध्ये ३५ वॉटच्या आसपास खात होता, म्हणजे पावणेदोन तास. सिनेमाच्या मध्ये वीज गेली तर तेवढा वेळ भरून काढायला पुरे. अट एकच: पॉवर बँकेवर २० व्होल्टचं, ६५ वॉटचं टाइप-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी) आउटपुट लिहिलेलं हवं. घरात पडलेली २२.५ वॉटवाली फास्ट चार्जिंगची बँक लावली तर प्रोजेक्टर डोळाही उघडत नाही. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची बँक केबिन बॅगेत चालते, चेक-इनमध्ये नाही.

गावात इंटरनेट फोनचं. फोन मिरर करून दाखवू, असा बेत होता, तो घरीच करून पाहिला ते बरं झालं. यूट्यूब चाललं, पण पैसे भरून घेतलेल्या ओटीटीचं चित्र काळं, फक्त आवाज. कॉपी होऊ नये म्हणून ती ॲप मिररिंग अडवतात. एचडीएमआयला लावायची स्ट्रीमिंग स्टिक हा खात्रीचा मार्ग, फोनच्या हॉटस्पॉटवर. स्टिकला वीज प्रोजेक्टरच्या यूएसबीतून दिली तर कधी कधी ती मध्येच रीस्टार्ट होते, म्हणून तिचा चार्जर वेगळा. सिनेमा आधीच पेनड्राइव्हवर असेल तर यातलं काहीच नको.

आवाज: यंत्राचा स्पीकर पाच वॉटचा, पोरांच्या गोंधळापुढे टिकणार नाही. ब्लूटूथ स्पीकर लावला की ओठ आधी, शब्द मागून. साडेतीन मिलिमीटरची साधी वायर लावली आणि प्रश्न मिटला. आतल्या पंख्याची घरघर मे महिन्यात छताच्या पंख्याखाली ऐकू येत नाही, डिसेंबरात येते. बऱ्याच छोट्या यंत्रांची कामाची मर्यादा ३५ अंश तापमानापर्यंतच असते. पुण्यात रात्री चालतं, नागपूरला मे महिन्यात बंद खोलीत लावणाऱ्याने पुस्तिकेतली ही ओळ आधी वाचावी. दिव्याचं ‘३०,००० तास’ आयुष्य मी विचारातच घेतलं नाही. रोज दोन तास धरले तर ती चाळीस वर्षं होतात. त्याच्या किती तरी आधी पंखा किंवा पॉवर सर्किट जाईल.

निर्णय

तिसरा घेतला, त्याच दुकानदाराकडून, बिल आणि वॉरंटी कार्डावर शिक्का घेऊन. ऑनलाइन भाव हजारभराने कमी होता, पण तिथे ‘रिटर्न’ नव्हता, सात दिवसांत फक्त ‘रिप्लेसमेंट’ होती. म्हणजे चित्र आवडलं नाही तर पुन्हा तसलाच प्रोजेक्टर. सोबत पॉवर बँक, स्टिक, फ्लेक्स आणि एक जाड पडद्याची जोडी धरून खर्च बजेटच्या बाहेर गेला. नुसत्या यंत्राच्या किमतीकडे बघून ४३ इंची टीव्हीशी तुलना करणाऱ्यांनी हा भाग धरायला हवा. तेवढ्या पैशांत टीव्ही आला असता आणि सकाळची कसोटीही दिसली असती. ती आता लॅपटॉपवर दिसते.

वहिनींचा होकार एका अटीवर मिळाला: चित्र ६० इंचांपेक्षा मोठं करायचं नाही. मित्र ती अट गावी मोडणार हे त्यांनाही माहीत आहे. हा निर्णय किती दिवस टिकेल याबद्दल माझा अंदाज वेगळा आहे. मुलगी पहिलीत गेली, टेबल हॉलमधून हललं किंवा पुढच्या घरमालकांनी ड्रिलला परवानगी दिली, तर हॉलमध्ये टीव्ही येईल आणि प्रोजेक्टर ट्रायपॉडसकट बेडरूममध्ये जाईल. तिथे पलंगापासून समोरच्या भिंतीपर्यंत सात फूट आहेत. ६० इंचांना पुरतात, मी मोजून ठेवलेत.